किल्ली कुणाकडे आहे?

जुलै उजाडला की तालुक्याच्या गावांतल्या मंगल कार्यालयांत सेवाभावी क्लबांचे पदग्रहण समारंभ सुरू होतात. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, लायन्सचंही तेव्हाच. मावळत्या अध्यक्षाची कॉलर, म्हणजे गळ्यात घालायचं पदाचं चिन्ह, नव्या अध्यक्षाच्या गळ्यात जाते, प्रांतपाल शपथ देतात, वर्षभरात काय काय केलं ते पडद्यावर दाखवलं जातं आणि मग जेवणं होतात. यंदा आमच्या गावात या समारंभाच्या आठवडाभर आधीच एका फोटोवरून वाद पेटला. जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या-दप्तरांचं वाटप झालं होतं. फोटोत चौदा पदाधिकारी, मध्ये तिसरीतली एक मुलगी, आणि तिच्या हातातल्या एका दप्तराला सहा जणांचे हात लागलेले. एका तरुण शिक्षकाने तो फोटो गावभर फिरवला आणि खाली विचारलं, 'ही सेवा की जाहिरात?' लगेच दोन तट पडले. एक तट म्हणू लागला, हे पैसेवाल्यांचे चोचले आहेत, गरिबाच्या पोराला पुढे करून स्वतःचं नाव करायचं. दुसरा तट उसळून विचारू लागला, ते निदान काहीतरी करतात, तुम्ही काय केलंत?

दोन्ही बाजूंची माणसं माझ्या ओळखीची आहेत. मी स्वतः बारा वर्षं अशा एका क्लबाचा सभासद आहे, त्यातलं एक वर्ष सचिव होतो. तरीही मला वाटतं की हा वाद मुळात चुकीच्या जागी चालला आहे. दोन्ही तट माणसांच्या मनात काय होतं यावर भांडताहेत. मनातलं कुणाला दिसतं? जे दिसतं, मोजता येतं, ते काम. आणि काम तपासायचा दिवस उद्घाटनाचा नव्हे, त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाचा. तिसऱ्या वर्षी ते काम उभं असेल तर फोटोत किती हात होते याने मला फरक पडत नाही. आणि ते बंद पडलं असेल तर आमचे हेतू कितीही निर्मळ असले तरी त्या मुलीला त्याचा काय उपयोग?

हे मी पुस्तकात वाचून म्हणत नाही. मी सचिव होतो त्या वर्षी आम्ही तालुक्यातल्या एका शाळेला हात धुण्यासाठी सहा नळांचा ओटा बांधून दिला आणि शेजारच्या खोलीत पाणी शुद्ध करणारं आरओ यंत्र बसवलं. फीत कापली, मुलांनी स्वागतगीत म्हटलं, ग्रॅनाइटच्या पाटीवर आमची नावं कोरली गेली. त्यात माझंही आहे. तीन वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने त्या गावी गेलो आणि शाळेत डोकावलो. सहापैकी चार नळ निघालेले, त्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकलेल्या. आरओच्या खोलीला कुलूप. मुख्याध्यापिका बाई अवघडून म्हणाल्या, "सर, इथलं बोअरचं पाणी जड आहे. क्षार बसून सहा महिन्यांत यंत्रातली पाणी गाळणारी मेम्ब्रेन गेली. ती बदलायला कंपनीचा माणूस जेवढे मागतो तेवढे आमच्याकडे नसतात. विजेचं बिलच कसंबसं भरतो." मी खोली बघायला किल्ली मागितली. किल्ली आधीच्या मुख्याध्यापकांकडे असायची. त्यांची बदली झाली. त्यानंतर ती कुणाकडे आहे हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. प्राथमिक शाळेत शिपाई नसतो, तेव्हा विचारायचं तरी कुणाला?

या सगळ्यात खोटं कुणीही वागलं नव्हतं. आम्ही पैसे खाल्ले नव्हते, यंत्र चांगल्या कंपनीचं होतं, वरती पाठवलेल्या अहवालात 'लाभार्थी : २१४ विद्यार्थी' असं मीच लिहिलं होतं आणि त्या दिवशी ते खरं होतं. पण ते सहा महिनेच खरं राहिलं. कागदावर मात्र ते २१४ विद्यार्थी अजून शुद्ध पाणी पीत आहेत, कारण क्लबाच्या कागदांत प्रकल्प सुरू झाल्याची नोंद करायला रकाना असतो, बंद पडल्याची नोंद करायला नसतो.

यावर क्लबातल्या जुन्या मंडळींचं एक उत्तर ठरलेलं आहे आणि ते हलकं नाही. ते म्हणतात, आमचा अध्यक्ष एका वर्षाचा असतो. नव्याला नव्याने काही करून दाखवायचं असतं, जुन्याचं ओझं तो का वाहील? मग पद दोन-तीन वर्षांचं करावं का? तर तेही नको, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे साखर कारखाने, शिक्षण संस्था, पतपेढ्या यांतल्या किती खुर्च्या एकाच घरात बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून सुनेकडे गेल्या! लोकांच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्था बघता बघता खासगी झाल्या. त्या पार्श्वभूमीवर दरवर्षी ३० जूनला निमूटपणे कॉलर उतरवून दुसऱ्याच्या गळ्यात घालणारा अध्यक्ष ही फार मोठी गोष्ट आहे. कापडाचा व्यापारी उतरतो, डॉक्टर चढतो, पुढच्या वर्षी बांधकामवाला. कुणी रुसत नाही, कोर्टात जात नाही. ही रीत मोडू नये असंच माझंही मत आहे.

पण अध्यक्ष एका वर्षाचा म्हणून कामही एका वर्षाचंच, हे कुठून आलं? याला रोटरीच्याच इतिहासाइतकं चोख उत्तर दुसरं नाही. १९८५ साली रोटरीने पोलिओ हटवायचं काम अंगावर घेतलं. १२ कोटी डॉलर जमवायचं ठरलं होतं, तीन वर्षांत २४ कोटी ७० लाख जमले. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाचा ठराव केला तेव्हा जगात वर्षाला सुमारे साडेतीन लाख जणांना, बहुतेक लहान मुलांनाच, पोलिओ होत होता. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओच्या फेऱ्या सुरू झाल्या. मग १० वर्षं झाली, १४ झाली, तरी रोग हटेना. २००९ साली भारतात ७४१ रुग्ण सापडले, तेव्हाचा जगातला सर्वांत मोठा आकडा. किती वेळा डोस पाजायचे, लोक कंटाळले, अफवा पसरल्या, उत्तर प्रदेशात काही वस्त्यांत दारं बंद होऊ लागली. तिथे रोटरीच्या लोकांनी उलेमांना, म्हणजे मुस्लिम धर्मपंडितांना, सोबत घेऊन समित्या केल्या आणि पुन्हा दारं उघडून घेतली. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. १९८५ ते २०१४, म्हणजे २९ वर्षं. तेवढ्या काळात प्रत्येक क्लबात २९ अध्यक्ष होऊन गेले आणि एकानेही येऊन असं म्हटलं नाही की पोलिओ हा माझ्या आधीच्याचा प्रकल्प, मी काहीतरी नवीन काढतो.

मी त्या बूथवर बसलेला माणूस आहे. रविवारी सकाळी आरोग्य सेविका शीतपेटी घेऊन यायच्या. कुपीवरच्या गोलातला चौकोन गडद तर झाला नाही ना, हे आधी बघायचं. तो गोलाइतका गडद झाला की लस उन्हाने गेली, कुपी टाकायची. दोन थेंब पाजले की डाव्या करंगळीच्या नखावर शाईची खूण. दुपारी लाउडस्पीकर बांधून रिक्षा फिरवायची, संध्याकाळी राहिलेल्यांची यादी, आणि दुसऱ्या दिवसापासून सेविकांबरोबर घरोघर. वीटभट्टीवर, उसाच्या टोळीच्या पालांवर जायचं, कारण तीच मुलं यादीत सापडत नसत. हे काम दिमाखाचं नव्हतं. त्यात मोठी गोष्ट एकच होती, पुढच्या फेरीला पुन्हा यायचं. ज्या क्लबांना हे जमलं, त्यांना एका शाळेच्या आरओची मेम्ब्रेन वर्षातून एकदा बदलणं जमू नये?

दुसरा आक्षेप डावीकडून येतो आणि त्यातही तथ्य आहे. शाळेला पाणी देणं हे सरकारचं, जिल्हा परिषदेचं कर्तव्य आहे. क्लब मध्ये पडला की अधिकारी सुटतात आणि जो हक्क होता त्याची भीक होते. मला हे पटतं. पण यातून क्लबांनी काहीच करू नये असा निष्कर्ष निघतो का? पोलिओत लस सरकारची होती, सेविका सरकारच्या होत्या. क्लब त्यांच्या जागेवर जाऊन बसला नाही, त्यांच्या शेजारी उभा राहिला. आणि याहून जुना दाखला रोटरी जिथे जन्मली त्या अमेरिकेतल्या शिकागोचाच आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने तीन मित्रांबरोबर पहिली बैठक घेतली, आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत जमायचं म्हणून नाव पडलं रोटरी. आधी ही मंडळी एकमेकांचा धंदा वाढवायला जमत होती. त्यांनी १९०७ मध्ये हाती घेतलेलं पहिलं सार्वजनिक काम कोणतं? शहरात सार्वजनिक शौचालय व्हावं म्हणून नगर प्रशासनामागे लागणं. दान करून पाटी लावण्याचं ते काम नव्हतं. इतर संस्थांना जोडीला घेऊन शहराला त्याच्या कर्तव्याची आठवण करून देण्याचं होतं.

आपल्या मातीतली परंपरा तर याबाबत आणखी स्पष्ट आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली तेव्हा सभासद व्हायचं तर किमान ५० लोकांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. पहिल्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे ६,००० लोकांचं मुखत्यारपत्र आणलं होतं. म्हणजे, लोकांच्या वतीने बोलायचं तर आधी लोकांना विचारून या. पुढे १८७६-७८ चा दुष्काळ पडला, तेव्हा सभेने गावोगाव माणसं पाठवून पिकं, जनावरं, मजुरी यांची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढे ठेवून मदतीची मागणी केली. त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाच्या मंडळींनी पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नाची सोय केली. एकीकडे भुकेल्याला घास आणि दुसरीकडे सरकारला जाब. त्या पिढीला या दोन गोष्टींत विरोध दिसला नाही, मग आम्हाला का दिसतो? 'आम्ही अराजकीय आहोत' असं म्हणत आम्ही जाब विचारायचं सोडून दिलं. राजकीय पक्षाचा झेंडा धरू नये हे बरोबर आहे. पण शाळेचं वीजबिल का थकतं, हा प्रश्न गटविकास अधिकाऱ्यांना लेखी विचारणं हे राजकारण कसं? आमच्या क्लबात दोन वकील आणि एक सनदी लेखापाल आहेत. तसा अर्ज करायला त्यांना अर्धा तास पुरेल.

खरं तर आमचं घोडं मोजण्यात अडलं आहे. रक्तदानाचंच बघा. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, नेत्यांचे वाढदिवस, क्लबाचा वर्धापनदिन या दिवशी गावोगाव शिबिरं होतात आणि अमुक बाटल्यांचा विक्रम झाल्याची बातमी येते. आता रक्ताचा हिशेब पाहा. लाल पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम ५ दिवस. एकदा रक्त दिलं की पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. म्हणजे एका रविवारी ३०० जणांकडून रक्त घेतलं की प्लेटलेट्स पुढच्या रविवारपर्यंत टिकत नाहीत आणि ते ३०० जण पुढचे तीन महिने उपलब्धही नसतात. मग मे महिना येतो, कॉलेजांना सुट्ट्या लागतात, लोक गावी जातात आणि रक्तपेढीतून फोन येऊ लागतात. थॅलेसेमियाच्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, ते मेमध्येही लागतं. ३०० चा विक्रम करण्याऐवजी दर पंधरवड्याला पंचवीस दात्यांची पाळी लावली तर वर्षाला ६५० बाटल्या होतील आणि त्या वाया जाणार नाहीत. पण पंचवीस जणांच्या शिबिराला पाहुणा कोण बोलावणार, छापणार कोण? म्हणून ते होत नाही. इथे हेतूत खोट नाही, रक्त देणारा पोरगा तर सोन्यासारखा आहे. मोजमाप चुकलंय, एवढंच.

फोटोबद्दल मात्र त्या तरुण शिक्षकाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. दप्तर घेणाऱ्या मुलीचा चेहरा गावभर फिरायला नको होता. उद्या ती शाळेत 'वाटपातलं दप्तर'वाली म्हणून ओळखली जाईल, याचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नाही. देणगीदाराला पुरावा लागतो असं सांगतात, आणि तो लागतोही. २०१४ पासून कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा पैसा क्लबांमार्फत गावात येऊ लागल्यावर तर प्रत्येक रुपयाचा कागद द्यावा लागतो. मग पुरावा वस्तूचा द्या. नळाचा द्या, पाण्याच्या तपासणी अहवालाचा द्या, आणि तो दरवर्षी द्या. तिसऱ्या वर्षी वाहत्या नळाचा काढलेला फोटो पाहिला तर देणगीदार नाराज होईल का? मी देणगी मागत फिरलेला माणूस आहे, मला तसं वाटत नाही. रोटरीच्या मोठ्या ग्लोबल ग्रँटला, म्हणजे आंतरराष्ट्रीय अनुदानालासुद्धा, आता आधी गरजेची पाहणी आणि नंतर काम टिकेल कसं याचा आराखडा द्यावाच लागतो. जे परदेशातल्या पैशाला लावतो, ते गावातल्या व्यापाऱ्याच्या पैशाला का लावू नये?

उरला तो आक्षेप, ज्याचं उत्तर आमच्याकडे अजून नाही. हे क्लब वरच्या वर्गाचे आहेत. डॉक्टर, वकील, बिल्डर, व्यापारी. वर्गणी आणि महिन्याच्या जेवणांचा खर्च बघता दुसरा कुणी येणारही नाही. १९२९ साली मुंबईत रोटरी आली, १९५६ साली लायन्स आले, तेव्हापासून हा चेहरा फारसा बदललेला नाही. स्त्रियांना तर कित्येक दशकं दारच बंद होतं. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या गावच्या क्लबाने १९७७ मध्ये स्त्रियांना सभासद करून घेतलं म्हणून रोटरीने त्या क्लबालाच बाहेर काढलं. बरीच वर्षं खटला चालला, १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांना सभासद करून घेण्याच्या बाजूने निकाल दिला आणि १९८९ मध्ये रोटरीने आपली घटना बदलली. तेव्हाही जुनी मंडळी म्हणत होती की क्लबाचा स्वभाव बिघडेल. आज आमच्या जिल्ह्यातले सगळ्यात नीट हिशेब ठेवणारे क्लब स्त्रियांच्या हाती आहेत. मग पुढचं दार का उघडू नये? ज्या क्लबात प्लंबर नाही, आशाताई नाही, अंगणवाडी सेविका नाही, त्याला नळ कधी गळायला लागला हे कळणार कसं? गोव्यात १९०८ साली निघालेल्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच मूठभर तांदळाची कल्पना आहे. घरटी एक मूठ बाजूला ठेवायची आणि त्यातून शाळा चालवायची. ज्या बाईने रोज मूठ बाजूला काढली, ती शाळा बंद पडलेली बघत बसेल का? ती दुसऱ्या दिवशी दारात येऊन उभी राहील. आमच्या प्रकल्पांना अशी दारात येणारी माणसं नाहीत, कारण आम्ही त्यांच्याकडून एक मूठही घेतली नाही. सगळं आम्हीच दिलं, म्हणून ते आमचंच राहिलं.

यंदाच्या पहिल्या सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पदग्रहणाच्या दिवशी नव्या अध्यक्षाने नवे संकल्प सांगण्याआधी मागच्या तीन वर्षांतल्या प्रत्येक कामाची आजची अवस्था वाचून दाखवावी, बंद असेल तर बंद म्हणावं. यापुढे कोणत्याही प्रकल्पाच्या रकमेतला एक हिस्सा देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय फीत कापू नये. आणि वस्तू शाळेला देताना शिक्षण हक्क कायद्याने जी शाळा व्यवस्थापन समिती असते, जिच्यात बहुसंख्य पालक असतात, तिच्या ठरावानेच द्यावी. विरोध होईल, मला माहीत आहे. एक ज्येष्ठ सभासद मला आत्ताच म्हणाले, "अहो, अशाने वर्षाला दहाच्या जागी दोन प्रकल्प होतील." होऊ देत.

त्या शाळेचे नळ गेल्या महिन्यात बसले. ज्या प्लंबरने बसवले त्याची मुलगी तिथेच चौथीत आहे. चार नळ, नवे वॉशर, एका जागी पाइप बदलला, दोन तासांचं काम. सामानाचे पैसे मी दिले, मजुरी त्याने घेतली नाही. आरओच्या खोलीचं कुलूप त्यानेच तोडलं आणि नवं लावलं. मेम्ब्रेन बदलायच्या आधी क्षार अडवणारा वेगळा फिल्टर बसवावा लागेल, नाहीतर पुन्हा सहा महिन्यांत तेच होईल, असं त्याचं म्हणणं आहे. हे आम्हाला त्या वर्षी कुणीच सांगितलं नव्हतं, कारण आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. समितीने ठराव करून नव्या कुलपाची किल्ली त्याच्या घरी ठेवली आहे. त्याला मी सभेला बोलावलं आहे आणि त्याच्या वर्गणीचं काय करायचं हा विषयही त्याच दिवशी सभेपुढे ठेवणार आहे.